ठाणे-नवी मुंबईत द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळा निवडताना: नव्याने आलेल्या पालकांसाठी

नोकरीतील बदलीमुळे, घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये नवे घर घेतल्यामुळे, अथवा काही वर्षे परदेशात राहून परतल्यामुळे दरवर्षी अनेक मराठी कुटुंबे ठाणे आणि नवी मुंबईत राहायला येतात, आणि घरातले सामान लागण्याआधीच मुलांच्या शाळेचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. या परिसरात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द नावात असलेल्या शाळा पुष्कळ आहेत. त्यांतील काही आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या आहेत, बऱ्याचशा सीबीएसई किंवा आयसीएसईच्या आहेत, आणि नुसत्या नावावरून शाळेचे मंडळ कळत नाही. यांपैकी काही शाळा आपण मुलांना दोन भाषांत घडवतो असेही सांगतात. प्रत्यक्षात येथील बहुतेक आंतरराष्ट्रीय शाळा इंग्रजी माध्यमाच्या असतात आणि दुसरी भाषा हा त्यांच्या वेळापत्रकातला एक विषय असतो. भाषा विषय म्हणून शिकणे आणि त्या भाषेतून गणित, विज्ञान, भूगोल शिकणे यांत फार अंतर आहे. हे अंतर ओळखून, कोणता विषय कोणत्या भाषेत, किती तासिका, कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणाकडून शिकवला जातो हे तपासल्याशिवाय शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या याच तपासणीच्या आहेत.

पहिली पायरी: घरी बसून भाषांचा विचार

शाळांची यादी करण्यापूर्वी आपल्या मुलाला कोणत्या दोन भाषा किती खोलवर याव्यात, हे आई-वडिलांनी आणि घरात असतील तर आजी-आजोबांनीही एकत्र बसून ठरवावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. सांगलीहून आलेल्या, फक्त मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलीची गरज आणि जर्मनीतून परतलेल्या, इंग्रजी-जर्मन सफाईने बोलणाऱ्या पण मराठी वाचता न येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची गरज यांत साम्य जवळजवळ नाही. त्या मुलीसाठी मराठीचा आधार न काढता इंग्रजी हळूहळू वाढवणारी शाळा हवी, तर त्या मुलाला इंग्रजीतून शिकणे चालू ठेवून मराठी वाचन-लेखनाचा पाया घालून देणारे शिक्षक हवेत. दोन्ही कुटुंबांनी एकाच शेजाऱ्याचा सल्ला ऐकून एकाच शाळेत प्रवेश घेतला, तर निदान एका मुलाचे नुकसान ठरलेले असते.

येथे एका संशोधनाचा उपयोग होतो. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद केला. नव्या भाषेत मैदानावर, डब्याच्या सुट्टीत सहज बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, परंतु त्या भाषेतून धडा समजून घेणे, कारणे मांडणे आणि उत्तर लिहिणे समवयस्कांच्या बरोबरीने जमण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणूनच पाचवी-सहावीत अचानक पूर्ण इंग्रजी माध्यमात आलेले मूल सहा महिन्यांत इंग्रजी बोलू लागले, तरी त्याची इतिहास-विज्ञानाची अडचण संपली असे समजू नये. वय जितके मोठे, तितकी शाळेतील भाषा-साहाय्याची व्यवस्था अधिक बारकाईने पाहावी लागते. कॅनडाचेच वॉलेस लॅम्बर्ट यांनी दुसरी भाषा पहिलीच्या जोडीला येते की पहिलीला बाजूला सारून येते, असा फरक दाखवला होता. पालक म्हणून आपल्याला पहिला प्रकार हवा आहे, हे मनाशी पक्के असावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. सीबीएसईनेही जुलै २०२३ मध्ये आपल्या शाळांना भारतीय भाषा पर्यायी माध्यम म्हणून वापरण्याची मुभा दिली. तेव्हा ‘मंडळ परवानगी देत नाही, म्हणून आम्ही मराठीतून काही शिकवू शकत नाही’ असे सीबीएसई शाळेने सांगितले, तर ते उत्तर पुरेसे नाही.

मूल उशिरा बोलू लागले असेल, तर दोन भाषांमुळे ते गोंधळले आहे असे समजून घरची भाषा सोडण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्यामुळे वाचादोष निर्माण होत नाही. शंका असल्यास वाचाउपचारतज्ज्ञांना दाखवावे आणि मराठी बोलणे चालू ठेवावे.

दुसरी पायरी: शाळा दोन भाषा कशा वापरते ते विचारणे

दोन भाषांत शिकवण्याच्या काही रूढ पद्धती आहेत. कोठे विषय वाटून दिलेले असतात, कोठे दिवसाचा किंवा आठवड्याचा वेळ वाटलेला असतो, तर बालवर्गांत अनेकदा एक शिक्षिका एकाच भाषेत आणि दुसरी दुसऱ्या भाषेत बोलते. यांपैकी अमुकच पद्धत उत्तम असे सरसकट सांगता येत नाही. मात्र शाळेला आपली पद्धत कोणती आणि ती का निवडली हे दोन-चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. प्रवेश-समुपदेशक ‘आमच्याकडे मुले आपोआप शिकतात’ एवढेच सांगत असेल, तर मुख्याध्यापकांची किंवा विभागप्रमुखांची वेळ मागून घ्यावी.

भेटीच्या वेळी पुढील गोष्टी कागदावर पाहायला मागाव्यात. एक, आपल्या मुलाच्या आणि त्यापुढच्या दोन-तीन इयत्तांचे चालू वेळापत्रक, ज्यात प्रत्येक भाषेच्या तासिका मोजता येतात. आठवड्यात इंग्रजीच्या आठ आणि मराठीच्या दोन तासिका असतील, तर त्या शाळेला मराठीच्या बाबतीत द्विभाषिक म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन, शाळेचे लिखित भाषाधोरण. आयबीच्या शाळांना असे धोरण तयार ठेवणे बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. आयबीच्या नियमांनुसार मुलांना निदान वयाच्या सातव्या वर्षापासून एक अतिरिक्त भाषा शिकवावी लागते. ती भाषा मराठी, हिंदी, फ्रेंच की स्पॅनिश, आणि निवड मुलाची की शाळेची, हे त्या धोरणावरून कळते. तीन, मुलांनी स्वतःच्या मनाने लिहिलेल्या मराठीच्या वह्या. फळ्यावरून उतरवलेली उत्तरे आणि मुलाने स्वतः रचलेला परिच्छेद यांतला फरक एका नजरेत दिसतो. चार, मराठीचे शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिकेवर येतात, आणि त्यांची शैक्षणिक पात्रता काय आहे.

मराठीबाबत कायदाही पालकांच्या बाजूने आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० मध्ये राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन व अध्ययन सक्तीचे करणारा अधिनियम संमत केला आणि तो मंडळ कोणतेही असले तरी लागू होतो. त्याची अंमलबजावणी २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी या इयत्तांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि उल्लंघन करणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्यामुळे मराठीची तासिका वेळापत्रकात येते, परंतु त्या तासिकेत गोष्टी वाचल्या जातात की नुसती बाराखडी गिरवली जाते, हे शाळेवर अवलंबून राहते, आणि म्हणूनच वह्या पाहण्याचा आग्रह धरावा.

या टप्प्यावर एका पर्यायाचा प्रामाणिकपणे विचार व्हावा असे मला वाटते. ठाण्यातील नौपाडा, पाचपाखाडी आणि आसपासच्या जुन्या मराठी शाळांतील सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, तर बाकीचे विषय मराठीतून शिकवले जातात. अभ्यासक्रम दोन भाषांत विभागलेला असणे हीच द्विभाषिकतेची कसोटी मानली, तर हे वर्ग अनेक महागड्या शाळांपेक्षा त्या कसोटीला अधिक उतरतात. नवी मुंबई महानगरपालिका सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे सीबीएसईच्या शाळा चालवते, त्याही पाहण्याजोग्या आहेत. आंतरराष्ट्रीय मंडळच हवे असण्याचे ठोस कारण नसेल, तर हे पर्याय यादीत असावेत. परदेशात पुन्हा जाण्याची शक्यता किंवा मुलाने आधीच आयबीत काही वर्षे घालवलेली असणे, ही तशी कारणे होत.

तिसरी पायरी: मान्यता आणि संलग्नता

आयबी ही १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेली संस्था आहे. तिचा प्राथमिक कार्यक्रम तीन ते बारा, माध्यमिक कार्यक्रम अकरा ते सोळा आणि डिप्लोमा सोळा ते एकोणीस वयोगटासाठी आहे. शाळेला प्रत्येक कार्यक्रमाची मान्यता स्वतंत्रपणे मिळवावी लागते. म्हणून ‘आम्ही आयबी शाळा आहोत’ हे उत्तर अपुरे आहे; कोणत्या कार्यक्रमाची मान्यता आहे, हे विचारावे. जी शाळा अजून ‘उमेदवार’ अवस्थेत आहे, तिला पुढे मान्यता मिळेलच अशी हमी आयबी देत नाही. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर, केंब्रिजच्या शाळांची केंब्रिजच्या संकेतस्थळावर आणि सीबीएसई शाळांची संलग्नता क्रमांकासह त्या मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. सीबीएसईच्या बाबतीत संलग्नता कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, हेही पाहावे.

मंडळ कोणतेही असो, शाळेला राज्य शासनाची मान्यता आणि शासकीय शाळा-नोंदणीचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक असायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिका आपल्या हद्दीतील अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात. प्रवेश घेण्यापूर्वी त्यात शाळेचे नाव नाही ना, हे पाहावे. नव्याने आलेल्या पालकांचा येथे एक घोळ होतो. ऐरोलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, परंतु खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल हे रायगड जिल्ह्यात आणि पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. तक्रार करायची असो किंवा शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असो, आपला जिल्हा कोणता हे आधी नक्की करावे.

चौथी पायरी: दहावी-बारावीनंतरची वाट आधीच पाहणे

बालवर्गाच्या प्रवेशाच्या वेळी बारावीचा विचार करणे अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु मंडळ निवडताना तो करावाच लागतो. केंब्रिजच्या दहावीच्या पातळीच्या आयजीसीएसई परीक्षा भारतात फेब्रुवारी-मार्च सत्रातही होतात आणि त्यांचा निकाल मे महिन्यात लागतो. मे-जून सत्राचा निकाल मात्र ऑगस्टमध्ये येतो. मुलाला दहावीनंतर राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीसाठी जायचे असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया ऑगस्टपर्यंत थांबत नाही. शाळा मुलांना कोणत्या सत्रात बसवते, हे आजच विचारून ठेवावे.

आयबी डिप्लोमाचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. भारतीय विद्यापीठ संघ हा डिप्लोमा आणि केंब्रिजच्या ए लेव्हल परीक्षा ठरावीक अटींवर बारावीशी समकक्ष मानतो. अडचण विषयनिवडीची असते. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही हवे असतात, आणि अशी निवड करायची तर शाळेला आयबीकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. ज्या मुलाचा कल वैद्यकीय शिक्षणाकडे दिसतो, त्याच्या पालकांनी शाळेने यापूर्वी अशी मुले बसवली आहेत का, हे स्पष्ट विचारावे. अभियांत्रिकीची जेईई आणि नीट या परीक्षांचा पाया सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाजवळचा असल्यामुळे आयबीच्या मुलाला त्यांची तयारी बहुधा स्वतंत्रपणे करावी लागते.

भाषेच्या दृष्टीने आयबीत एक मोलाची सोय आहे. विद्यार्थ्याने ‘भाषा आणि साहित्य’ गटातून दोन वेगवेगळ्या भाषा घेऊन दोन्हीत तीन किंवा अधिक श्रेणी मिळवली, तर त्याला द्विभाषिक डिप्लोमा दिला जातो. इतर अटी पूर्ण होत असतील, तर एक विषय पहिल्या भाषेहून वेगळ्या भाषेत पूर्ण करूनही तो मिळू शकतो. शाळेने यापूर्वी कोणत्या भाषांत असा डिप्लोमा मिळवून दिला आहे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या द्विभाषिकतेच्या दाव्याबद्दल बरेच काही सांगून जाते.

पाचवी पायरी: शुल्क आणि अंतर

महाराष्ट्राचा शुल्क नियमन अधिनियम २०११ खाजगी शाळांना मंडळ न पाहता लागू होतो. शुल्कवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावा लागतो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे कायम राहते. म्हणून शाळेकडे चालू वर्षाच्या शुल्काबरोबरच गेल्या दोन-तीन वर्षांचे मंजूर शुल्कही लेखी मागावे. शिकवणीचे शुल्क, सत्र शुल्क, परीक्षा मंडळाचे शुल्क, सहली, बस आणि भोजन यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत, परत मिळणारी अनामत कोणती आणि कधी मिळेल हे विचारावे, आणि दहावीपर्यंतचा खर्च मांडून मगच निर्णय घ्यावा. दुसरे मूल असेल तर हिशेब दोघांचा करावा.

अंतराबद्दल मी आग्रही आहे. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांची रहदारी असते आणि नकाशावर जवळ दिसणारी कासारवडवली ते माजिवडा ही वाट सकाळच्या वेळी बरीच लांबते. ऐरोली-मुलुंड पूल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि सायन-पनवेल महामार्ग यांचीही हीच स्थिती असते. ज्या वेळी बस निघणार त्याच वेळी, पावसाळ्यातल्या कामाच्या दिवशी, तो रस्ता स्वतः पार करून पाहावा. सहा वर्षांच्या मुलाला एका बाजूला पाऊण तासाहून अधिक प्रवास नसावा, असे मी सुचवेन. बसमध्ये महिला परिचर आहे का, शाळेची परिवहन समिती आहे का, हेही पाहावे.

सहावी पायरी: प्रत्यक्ष भेट

ठरवून दिलेल्या ‘ओपन हाऊस’च्या दिवशी शाळा सजलेली असते, म्हणून शक्य असल्यास साध्या कामाच्या दिवसाची वेळ घ्यावी. वर्गाच्या दारातून दहा मिनिटे ऐकण्याची परवानगी मिळाली, तर सर्वांत जास्त कळते. मूल मराठीत प्रश्न विचारते तेव्हा शिक्षिका काय करतात? ‘इंग्लिशमध्ये बोल’ असे म्हणून त्याला थांबवतात, की त्याचा प्रश्न समजून घेऊन त्याला इंग्रजी शब्द पुरवतात? घरची भाषा बोलल्याबद्दल दंड किंवा शिक्षा करणारी शाळा दोन भाषांचा आदर करते, असे मला मानता येणार नाही. ग्रंथालयात मराठीचे कपाट असेल तर त्यातली पुस्तके हाताळलेली दिसतात का, त्यांत गेल्या काही वर्षांतली बालपुस्तके आहेत का, हे पाहावे. सूचनाफलकावर, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमात आणि पालकांना जाणाऱ्या पत्रांत मराठी कोठे दिसते, याकडे लक्ष द्यावे. शिपाईकाका आणि मावशी यांच्याशी मुले कोणत्या भाषेत आणि कोणत्या सुरात बोलतात, तेही ऐकावे. वर्षातून एकदा मराठी दिन साजरा करणे चांगलेच, पण मराठीचा रोजचा वावर मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

फाटकावर भेटणाऱ्या पालकांना शाळा आवडते का असे विचारण्यापेक्षा, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, मूल मागे पडले तेव्हा शाळेने काय केले, असे प्रश्न विचारावेत. शिक्षक दरवर्षी बदलत असतील, तर भाषाशिक्षणाचे सर्वांत मोठे नुकसान होते. सुरक्षिततेच्या बाबतीत शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, सीसीटीव्ही, अग्निशमन दलाचा दाखला आणि स्वच्छतागृहांजवळची महिला कर्मचाऱ्यांची नेमणूक यांबद्दल थेट विचारावे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही शाळेला या प्रश्नांचे आश्चर्य वाटू नये.

सातवी पायरी: अर्ज आणि कागदपत्रे

अनेक खाजगी शाळा पुढील जूनच्या प्रवेशासाठी आधीच्या दिवाळीच्या सुमारास अर्ज घेऊ लागतात. राज्याच्या नियमानुसार पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि नर्सरीसाठी तीन. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी देणगी घेण्यास, तसेच मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन निवड करण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे. प्रवेश दिल्यानंतर मुलाची पातळी समजण्यासाठी होणारी चाचणी ही वेगळी बाब आहे आणि भाषेच्या बाबतीत ती उपयुक्तही ठरते.

जन्मदाखला, आधार, लसीकरणाची नोंद, रहिवासाचा पुरावा आणि आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवावा. परदेशातून येणाऱ्यांनी तेथील गुणपत्रके आणि शाळेचे पत्र निघण्यापूर्वीच घ्यावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीत, मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद कशी केली आहे, ते प्रवेशाच्या दिवशीच वाचून पाहावे. काही शाळा जातीचा रकाना रिकामा सोडतात. पुढे जात प्रमाणपत्र आणि पडताळणीच्या वेळी ही नोंद लागते, आणि मुलाने शाळा सोडल्यानंतर तीत दुरुस्ती करून घेणे फार कटकटीचे होते.

प्रवेशानंतर पहिल्या सत्राच्या अखेरीस मुलाच्या दोन्ही भाषांच्या वह्या घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे, आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या अपेक्षांशी त्या ताडून पाहाव्यात. पहिल्या काही महिन्यांत नव्या भाषेत मूल गप्प राहिले तर घाबरू नये. अनेक मुले आधी ऐकतात आणि मग बोलतात. मात्र ते घरीही गप्प होऊ लागले, किंवा शाळेत जाण्यास सतत रडू लागले, तर सत्र संपण्याची वाट न पाहता शाळेशी बोलावे. दरम्यान घरी मराठीचे वाचन रोज चालू ठेवावे, कारण आठवड्याच्या चार-पाच तासिकांत कोणतीही शाळा ते एकटी पूर्ण करू शकत नाही.